डोकीं मोजूं नका, वाट मोजा!

मुळशीच्या मावळ्यांनो, सरकारी हिशेब ऐका! सपाट मुलखांत ३० हजार वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी व आदिवासी मुलखांत २० हजारांमागें. म्हणजे डोकीं मोजावयाचीं; मध्यें डोंगर किती, पाणी किती, हें पुसावयाचें नाहीं!

पण मुळशी खोऱ्यांतलीं डोकीं कमी केलीं कोणीं? टाटा कंपनीच्या धरणाखालीं भातखाचरें बुडालीं, गांवें उठलीं. १९२१ सालच्या सत्याग्रहांत शेतकरी जमीन मागत होता, सावकार मोबदल्याचा भाव करीत होता. तुरुंग मावळ्यांनींही भोगला. वीज गेली मुंबईस. मागें राहिलेल्यांच्या वांट्यास आला तलावाचा वळसा! आधीं माणसें उठवावयाचीं, आणि मग ‘माणसें थोडीं’ म्हणून दवाखाना लांब ठेवावयाचा, हा कोठला न्याय?

तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडींत संगणक कंपन्यांचे महाल उठले. पश्चिमेस ताम्हिणीच्या मुसळधार पावसांत अडलेली बाळंतीण कोणत्या वाटेनें न्यावी? दुखणें शिरगणती पाहून येत नाहीं.

बांधवांनो, अर्जविनंत्या पुष्कळ झाल्या. मत मागावयास येईल त्यास एकच पुसा: आषाढांतल्या रात्रीं आमच्या वाडीहून डॉक्टरापर्यंत किती तास? उत्तर नसेल, तर मतही नाहीं!