रक्तात थोड्या, फुप्फुसात दाटी

रक्ततपासणीच्या अहवालात ‘लिम्फोसाइट’ या शब्दापुढचा आकडा उणा दिसला की घरातील मंडळींच्या मनात पहिला विचार येतो : प्रतिकारशक्ती खालावली! मग काढे, शक्तिवर्धक चूर्णे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू होतात. सार्कॉइडोसिस या विकारात मात्र हा तर्क फसतो, आणि त्यावर बेतलेला उपाय प्रसंगी अपायकारक ठरतो.

नॉर्वेतील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोएक यांनी १८९९ मध्ये त्वचेवरील काही गाठींना ‘सार्कॉइड’, म्हणजे मांसार्बुदासारख्या, असे म्हटले. त्यावरून हे नाव रूढ झाले. या गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या आपल्याच संरक्षक पेशींच्या असतात. बहुतेक रुग्णांत त्या फुप्फुसांत आणि छातीतील लसिकाग्रंथींत आढळतात. डोळे, त्वचा, यकृत, क्वचित हृदयही त्यांतून सुटत नाही.

या गाठी बनतात कशा? एखाद्या घटकाला शत्रू समजून ‘टी’ जातीच्या लिम्फोसाइट पेशी सावध होतात. तो घटक कोणता, हे वैद्यकशास्त्राला अद्याप निश्चित सांगता आलेले नाही. या पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखी रासायनिक संदेशद्रव्ये सोडतात. त्या हाकेला ओ देऊन भक्षक पेशी गोळा होतात, एकमेकींना बिलगतात आणि त्यांची घट्ट गाठ तयार होते. पेशींचा ओघ रक्तातून फुप्फुसाकडे वळल्यामुळे रक्तातील त्यांची संख्या घटते. सैन्य सीमेवर गेल्यावर छावणी ओस दिसावी, तसाच हा प्रकार. रक्तात मागे उरलेल्या पेशींतही उत्तेजनाच्या खुणा आढळतात. थोडक्यात, संरक्षक यंत्रणा येथे निद्रिस्त नसून नको तितकी जागी आहे. हिपॅटायटिस-सी या आजारासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांत सार्कॉइडोसिस उद्भवल्याचे दिसले आहे, ते याच कारणाने उद्बोधक ठरते.

याच विसंगतीचा दुसरा परिणाम आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. हातावर टोचून करावयाची क्षयरोगाची मँटू चाचणी या रुग्णांत पुष्कळदा उमटत नाही. दुसरीकडे, खोकला, बारीक ताप, घटते वजन आणि छातीच्या चित्रातील सुजलेल्या ग्रंथी पाहून क्षयाचा संशय येणे स्वाभाविक असते, कारण क्षयातही अशाच गाठी होतात. काही रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात आणि निदान नंतर बदलते. उलट, क्षय असताना तो नाही असे मानून स्टिरॉइड सुरू केल्यास धोका संभवतो. म्हणून एका आकड्यावर वा एका चाचणीवर विसंबून न राहता गाठीचा तुकडा तपासणे आणि क्षयजंतूंचा शोध घेणे बहुधा आवश्यक असते.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. या गाठींतील भक्षक पेशी ‘ड’ जीवनसत्त्वाचे त्याच्या क्रियाशील रूपात अनिर्बंध रूपांतर करू शकतात. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते. उतारवयात हाडांसाठी म्हणून कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. सार्कॉइडोसिस असल्यास त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. अतिशय तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास तो वयाचा दोष समजून सोडून देऊ नये. कॅल्शियम तपासून घ्यावे.

स्टिरॉइड चालू असतील तर त्यांनीही लिम्फोसाइटचा आकडा उतरतो, आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणून ताप आल्यास तत्परतेने कळवावे. या गोळ्या बरे वाटते म्हणून एकाएकी बंद करू नयेत. रक्तातील साखर पाहत राहावी. डोळे लाल होणे, अंधुक दिसणे, छातीत धडधड वा भोवळ ही लक्षणे असल्यास विलंब नको.

अनेक रुग्णांत हा विकार औषधांवाचूनही ओसरतो, हे दिलासादायक सत्य आहे. तोवर नियमित तपासणी मात्र चुकवू नये. पुढच्या वेळी अहवाल हाती आला की उण्या आकड्याने धास्तावून औषधविक्रेत्याकडे जाण्याऐवजी तो कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा : रक्तातून कमी झालेल्या या पेशी गेल्या कोठे?