आधी पारख, मग खरेदी

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक शासन, विधानसौध, बेंगळुरू

विषय : सरकारी रुग्णालयांसाठी यंत्रे, चाचण्या व औषधे घेण्यापूर्वी राज्य पातळीवर त्यांचे मूल्यमापन करण्याबाबत.

महोदय,

के. आर. पुरम परिसरातील मराठी भाषक रहिवासी हे निवेदन सादर करीत आहेत. कन्नड प्रत सोबत जोडली आहे. टिन फॅक्टरी, दूरवाणीनगर भागातल्या रोजंदारीवरच्या माणसाला सरकारी दवाखान्यात तपासणी मिळाली नाही, तर खासगी लॅबचे पैसे जातात आणि दिवसाची मजुरीही बुडते. कोणते यंत्र कुठे बसवायचे, हा प्रश्न त्याच्या पोटाशी जोडलेला आहे.

संविधानाने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत ठेवली आहेत. तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची राष्ट्रीय व्यवस्था मात्र केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे आहे. २०१७ मध्ये उभारलेली ‘एचटीएइन’ ही यंत्रणा एखादे उपकरण खर्चाच्या मानाने किती आरोग्यलाभ देते, हे तपासते. तिचे काम मोलाचे आहे. पण तिच्या शिफारशी राज्यांसाठी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात आणि एकाच यंत्राचा हिशेब बेंगळुरूत एक निघतो, तर बीदरच्या तालुका रुग्णालयात दुसरा. वीज, तंत्रज्ञ, रिएजंटचा पुरवठा, रुग्णसंख्या, सगळेच बदलते.

हिशेब चुकल्यावर काय होते, ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पाहणीतून दिसले. देशातल्या २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये सुमारे ४,५६४ कोटी रुपयांची ७,५६,७५० उपकरणे मोजली गेली. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद होती. त्यानंतर २०१५ मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देखभाल हवीच, परंतु दुरुस्ती कोण करणार, हे खरेदीपूर्वीच ठरायला हवे.

परिस्थितीला साजेशा यंत्राचे चांगले उदाहरण घरचेच आहे. क्षयरोगाची ‘ट्रूनॅट’ चाचणी बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये विकसित झाली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने ती बाजारात आणली. यंत्र बॅटरीवर चालते, वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही, रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षयही कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. तरीही आरोग्य केंद्रावर चाचणीसाठी लागणाऱ्या चिप संपल्या, की यंत्र असून नसल्यासारखेच.

हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार व्हावेत म्हणून ‘पुनीत राजकुमार हृदयज्योती’ योजना राज्याने २०२३ मध्ये आणली. तालुका पातळीवर ईसीजी काढायचा, निदान लगेच करायचे आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज जागीच द्यायचे, ही तिची रीत. के. आर. पुरमहून जयदेव रुग्णालय गाठताना सिल्क बोर्डची कोंडी अनुभवलेल्या कुणालाही तिचे मोल सांगावे लागत नाही. म्हणूनच ईसीजीपासून इंजेक्शनपर्यंत कोणत्या केंद्रात किती मिनिटे लागतात, हे जनतेसमोर यावे.

राज्य पातळीवर मूल्यमापन कसे चालते, हे स्पेनमध्ये दिसते. तिथे आरोग्यसेवा प्रांतांच्या हाती आहे. बास्क प्रांताने १९९२ मध्ये, अँडालुसियाने १९९६ मध्ये स्वतःची मूल्यमापन संस्था काढली. २०१२ मध्ये अशा संस्थांचे राष्ट्रीय जाळे झाले. कामे वाटून घेतली जातात आणि एकाचा अहवाल सर्वांना उपयोगी पडतो.

यास्तव पुढील मागण्या :

१. आरोग्य खात्यात स्वतंत्र मूल्यमापन कक्ष स्थापावा आणि तो ‘एचटीएइन’शी जोडावा.
२. मोठ्या खरेदीपूर्वी किंमत, रिएजंट, देखभाल करार व तंत्रज्ञ यांचा एकत्रित खर्च मांडणारा अहवाल बंधनकारक करावा.
३. तो अहवाल सोप्या कन्नडमध्ये निविदेपूर्वी प्रसिद्ध करावा.
४. के. आर. पुरमचे सरकारी रुग्णालय व परिसरातील नम्म क्लिनिक येथील उपकरणांची चालू-बंद स्थिती दर तिमाहीस दर्शनी फलकावर लावावी.
५. खरेदीनंतर एका वर्षाने प्रत्यक्ष वापराचा आढावा घ्यावा. त्यात परिचारिका, तंत्रज्ञ व रुग्णांचे प्रतिनिधी असावेत.
६. महाराष्ट्र व गोवा या शेजारी राज्यांशी अहवालांची देवाणघेवाण करावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी वेळ द्यावा आणि शासनाचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

निवेदनकर्ते,
मराठी भाषक रहिवासी, के. आर. पुरम, बेंगळुरू

प्रत माहितीसाठी : सचिव, आरोग्य संशोधन विभाग, नवी दिल्ली