पैसे आमचे, नजर कुणाची?

ग्राहक राजा असतो, अशी पाटी बऱ्याच दुकानांत लावलेली असते. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच गावातल्या दुकानात पैसे पायरीवर ठेवले आणि माल वरून ओंजळीत टाकून घेतला. म्हणजे पैसा चालत होता, हात चालत नव्हता. आज कार्ड चालते, यूपीआय चालते, माल घरपोच येतो. पण खोके उघडून मालाच्या आत बघा. हा माल बनवताना समोर कोणता ग्राहक धरला आहे? तुम्ही आम्ही त्यात कुठे आहोत?

मी तीन गोष्टींवर नियमित पैसे घालतो. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके, स्टँडअप कॉमेडीची रेकॉर्डिंग आणि रहस्यकथा, थरारकथा. चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हे पटणार नाही. "खंड वाचा खंड, हे काय चाळे?" असे ते म्हणतील. खंड वाचलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण दिवसा खंड वाचणारा आपला पोरगा रात्री मोबाइलवर काय बघतो, हेही बघायला नको का? व्याख्यानाला माणूस सावध बसतो. हसताना, फिरताना, गोष्टीत रमताना तो बेसावध असतो आणि ब्राह्मणी नजर नेमकी तेव्हाच आत शिरते. म्हणून या मालाबद्दल ग्राहक म्हणून बोलायचे आहे. समीक्षक म्हणून नव्हे. समीक्षकाला पुस्तक फुकट मिळते.

प्रवासाच्या पुस्तकापासून सुरुवात करू. दौलताबादचा किल्ला घ्या. कुठलेही मार्गदर्शक पुस्तक उघडा. देवगिरी, यादव, 1327 मध्ये तुघलकाने इथे आणलेली राजधानी, चांद मिनार, मेंढा तोफ, अंधारी वाट. किती पायऱ्या, पाण्याची बाटली सोबत ठेवा, टोपी घाला. सगळे आहे. आता 1934 साली काय झाले ते कुठल्या पानावर आहे? बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी हा किल्ला बघायला आले होते. प्रवासाने धुळीने माखलेले होते, दाराजवळच्या हौदात त्यांनी तोंड-हात धुतले. लगेच आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून. बाचाबाची झाली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि ते शिवत नाहीत ना हे बघायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर पाणी राखायला शिपाई! ओरडणारे मुसलमान होते, निजामाचे राज्य होते. बाबासाहेबांनी ते लपवले नाही, आपणही लपवायचे कारण नाही. अस्पृश्यता कुणाकुणाच्या अंगात मुरली होती, हेच तर ते सांगत होते.

ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आहे. त्या छोट्या पुस्तकात आणखी काय आहे? 1901 मध्ये मसूर स्टेशनावर वडिलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुले. दुप्पट भाडे घेऊनही महाराच्या पोरांजवळ बसायला तयार नसलेला गाडीवान, म्हणून गाडी हाकणार पोरे आणि तो बाजूने चालणार. बडोद्यातली पारशी धर्मशाळा. चाळीसगावचा टांगा. म्हणजे स्टेशन, गाडी, मुक्काम, पाणी. प्रवासाच्या पुस्तकात जे जे मुद्दे असतात ते सगळे त्यात आहेत. महाराष्ट्रातल्या प्रवासाचे याहून खरे वर्णन मला माहीत नाही. तरी दुकानात ते 'प्रवास' या कप्प्यात कधी दिसणार नाही.

लेण्यांची गोष्ट तर तुम्हाला पाठ आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, भिक्खू संघाला दिलेल्या दानाच्या नोंदी आहेत. डोंगराचे नाव त्रिरश्मी. पण पाटीवर आणि पुस्तकात नाव काय? पांडवलेणी. महाडजवळ गांधारपाले, तिथेही पांडवच राहून गेलेले. पांडवांना वनवासात दुसरे काही कामच नव्हते, नुसती लेणी कोरत हिंडत होते. लेण्याद्रीला तर कमालच. सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह, त्यातल्या सातव्या लेण्यात, म्हणजे भिक्खूंच्या विहारात, गिरिजात्मज गणपती. अष्टविनायकाच्या पुस्तिकेत पायऱ्यांची संख्या मिळेल, आरतीची वेळ मिळेल. विहाराला एक ओळ मिळाली तरी नशीब. अजिंठा 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 'शोधला'. डोंगराच्या पायथ्याशी गुरे चारणाऱ्यांना तो दिसत नव्हता काय?

आणि महाड. रायगडाच्या कितीतरी पुस्तकांत महाड म्हणजे गाडी बदलायची, मिसळ खायची आणि पुढे जायचे गाव. 20 मार्च 1927 ला तिथल्या चवदार तळ्यावर या देशातल्या माणसांनी पाण्यावरचा हक्क बजावला, ते तळे एसटी स्टँडपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हे सांगायला शाई संपते.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी यावर काय केले बघा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला व्हिक्टर ग्रीन हा एक पोस्टमन. त्याने 1936 मध्ये 'ग्रीन बुक' काढले. काळ्या प्रवाशाला कुठल्या हॉटेलात खोली मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल, कुठला न्हावी केस कापेल, याची गावोगावची यादी. वाचकांनी पत्रे पाठवायची, तो छापायचा. एके दिवशी या पुस्तकाची गरज उरणार नाही, असेही त्याने त्यात लिहून ठेवले होते. 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर दोन-तीन वर्षांत ते बंद झाले. आपल्याकडे संविधान 1950 पासून आहे, कलम 15 आहे. तरी डोंगरातल्या एखाद्या होमस्टेवर फोन केला की पलीकडून गोड आवाजात विचारतात, "पूर्ण नाव?" आडनाव सांगितल्यावर मग "नेमकी कालच बुक झाली हो खोली". हे कुठल्या पुस्तकात छापायचे?

आता हसण्याकडे. स्टँडअपचे रेकॉर्डिंग ऐकण्याची माझी एक पद्धत आहे, तुम्ही करून बघा. स्क्रीन उलटी ठेवायची आणि फक्त हॉल ऐकायचा. विनोद करणारा तयारीचा असतो, त्याला सावरता येते. प्रेक्षक तयारीचा नसतो. 'कोटा' हा शब्द आला, 'चाळीस टक्क्यांचा डॉक्टर' आला, की हॉल कसा फुटतो ते ऐका. त्या आवाजात पुरावा आहे. तिथे आरक्षणावर युक्तिवाद नसतो, आकडे नसतात, फक्त आपण सगळे एकाच बाजूचे आहोत याचा आनंद असतो. तिकीट काढून त्याच हॉलमध्ये बसलेला आपला एखादा पोरगा त्या क्षणी काय करतो? बहुतेक हसतो. नाही हसला तर शेजारचा ओळखेल.

2021 मध्ये बहेन मायावतींवरचे जुने ट्विट, जुने व्हिडिओ वर आले. चार वेळा मुख्यमंत्री झालेल्या बाईच्या दिसण्यावर केलेले ते 'विनोद' होते. एका नावाजलेल्या कॉमेडियनने माफी मागितली. मला माफीत रस नाही. ते ट्विट बरीच वर्षे सगळ्यांसमोर पडून होते आणि एवढ्या काळात ते त्याच्या वर्तुळातल्या कुणाला खुपले नाही, याचा विचार करा.

आणि विनोद ही यांची मिरासदारी कधीपासून झाली? या महाराष्ट्रात फडावर उभे राहून पाटलाची, सावकाराची, देवाचीसुद्धा फिरकी घेणारा सोंगाड्या कोणाच्या घरातला होता? दादू इंदुरीकर, काळू-बाळू यांना हातात माइक आणि समोर वातानुकूलित हॉल मिळाला नव्हता. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा वस्तीवस्तीत लोकांना हसवत हसवत भटजी-सावकार उघडा पाडत होता. त्या जलशांचे रेकॉर्डिंग तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? यंत्र ज्याच्या घरात, त्याचा विनोद टिकला.

आज बीडची अंकुर तांगडे, छत्तीसगडचा मंजीत सरकार ही मंडळी जातीवर, वस्तीवर, स्वतःवर विनोद करत मंचावर उभी आहेत. 'ब्लू मटेरियल' नावाने त्यांनी एकत्र प्रयोग केले. त्यांचे शो बघा, पैसे देऊन बघा. पण शेवटी 'जय भीम' म्हटले म्हणून पाच तारे देऊ नका. विनोद फसला तर फसला म्हणा. आपला आहे म्हणून हसणे हा उपकार झाला आणि कलाकाराला उपकाराने मारण्यासारखे दुसरे मरण नाही. अमेरिकेतला डिक ग्रेगरी 1961 मध्ये शिकागोच्या क्लबात गोऱ्या प्रेक्षकांसमोर वर्णभेदावर बोलून त्यांना हसवत होता, 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होता. त्याला तुरुंगासाठी टाळ्या मिळाल्या असतील, हशा मात्र विनोदालाच मिळत होता.

राहिल्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर हे मीही वाचले, भाड्याने आणून वाचले. मजा येते, नाकारत नाही. पण गुन्हेगार कुठून येतो आणि शोध घेणारा कुठून, हे एका कागदावर लिहीत वाचा. अमुक जमातीवर पहिला संशय हा कथेतला नियम नंतरचा, तो आधी सरकारचा कायदा होता. 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. जन्मतःच गुन्हेगार, रोजची हजेरी. 31 ऑगस्ट 1952 ला तो गेला. पोलिसांच्या आणि लेखकांच्या डोक्यातून गेला का, ते पारधी वस्तीत जाऊन विचारा.

या सगळ्या प्रकाराला उलटे उभे केले ते अण्णाभाऊ साठ्यांनी. 'फकिरा' 1959 ची. कायद्याच्या लेखी जो दरोडेखोर, तोच तिथे नायक. पाठलाग आहे, धाडी आहेत, लुटलेला खजिना भुकेल्यांच्या घरात जातो, इंग्रज सरकार मागावर आहे. थरारकथा म्हणतात ती आणखी कशाला? पण दुकानात ती 'दलित साहित्य' या कोपऱ्यातल्या कप्प्यात, जणू औषधाचे पुस्तक. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी पोरांनी रात्र जागून वाचावी अशी आहे. परीक्षेत पाच गुणांच्या प्रश्नापुरती तिला कुणी आणली?

अलीकडची 'दहाड' ही मालिका पाहिली असेल. 2023 ची. राजस्थानातली दलित पोलीस अधिकारी, मेघवाल हे आडनाव बदलून भाटी लावलेली. ती समोरून गेली की ठाण्यातला एकजण उदबत्ती लावतो. हे बारकावे अस्सल आहेत. नायिकेच्या भूमिकेला आपल्यातली एखादी नटी सापडली नाही, हेही नेहमीप्रमाणेच. तरी या मालिकेने एक मुद्दा बरोबर पकडला: ज्यांच्या बेपत्ता होण्याने कुणाचीच झोप उडत नाही, अशा घरातल्या बायका मारेकरी निवडतो.

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, की हेतू सापडल्याशिवाय गुन्हा सुटत नाही. 29 सप्टेंबर 2006, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. हेतू सूडाचा, जातीचा नव्हे. कादंबरीत एखाद्या लेखकाने असा शेवट केला असता, तर वाचकांनी पुस्तक परत केले असते.

तर ग्राहक म्हणून एवढे करा. जे विकत घेता त्यावर दोन ओळी लिहा, मराठीत लिहा, विक्रीच्या जागीच लिहा. दौलताबादच्या पुस्तकाखाली 1934 लिहा. लेण्याद्रीच्या पुस्तिकेखाली विहार लिहा. 'कोटा'वर हॉल हसला तो मिनिट-सेकंद लिहा. दुकानदाराला 'फकिरा' थरारकथांच्या कप्प्यात मागा, तिथे नसेल तर का नाही ते विचारा. आणि 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात स्टॉल लावणाऱ्या प्रकाशक बांधवांकडे माझी एक मागणी आहे. मसूर, चाळीसगाव, महाड, येवला, दौलताबाद, नागपूर. खिशात मावेल असे पुस्तक, स्टेशनपासूनचे अंतर, एसटीची सोय, मुक्कामाला विहार कुठे, पिण्याचे पाणी कुठे. पन्नास रुपयांत बसवा. पहिल्या दहा प्रती माझ्या नावावर लिहून ठेवा.