घाटात तापलेली गाडी आणि आपले ऐंशी कट्टे

मागच्या उन्हाळ्यात वाळूज भागातील काही शेतकऱ्यांनी मिळून आपली रब्बी ज्वारी पुण्याच्या बाजारात पाठवायचे ठरवले. गावात येणारा व्यापारी जो भाव सांगतो, तो पुण्याच्या भावातून भाडे, हमाली, तूट आणि स्वतःचा नफा वजा करून सांगतो. तेव्हा भाडे आपणच भरावे आणि उरेल ते आपल्या पदरात पडावे, असा साधा हिशेब होता. गाडी ठरवण्यात आम्हीही पुढे होतो.

गाडी सहाचाकी, जुनी, टर्बो इंजिनाची. पासिंग दहा टनाचे. म्हणजे पन्नास किलोचे दोनशे कट्टे. मालक तोच चालक, शेतकऱ्याचाच मुलगा, कर्ज काढून गाडी घेतलेला. तो म्हणाला, दोनशेच भरा. आम्ही म्हटले, भाडे पूर्ण गाडीचे ठरले आहे, अजून ऐंशी कट्टे टाका, क्विंटलमागे भाडे तेवढेच कमी पडेल. तो नको नको म्हणत राहिला आणि हमालांनी कट्टे चढवले.

कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली, नेवासा फाटा गेला, घोडेगाव गेले, तोवर काही तक्रार नव्हती. पांढरी पुलाच्या पुढे इमामपूरचा घाट लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. आधी काळा धूर, मग काटा लाल रेघेवर, मग रेडिएटरच्या टोपणातून वाफ. रात्र घाटात गेली. सकाळी नगरहून मिस्त्री आला. हेडचे गॅस्केट उडाले होते. दुसरी गाडी आणून माल पलटी केला. तिचे भाडे, दुबार हमाली, फाटलेले कट्टे आणि चुकलेला बाजार धरला, तर ऐंशी कट्ट्यांवर वाचवलेले भाडे त्यात कुठल्या कुठे गेले.

गावात आल्यावर सगळ्यांचे एकमत झाले : गाडी भंगार होती आणि ड्रायव्हर अडाणी होता. आमचे मत वेगळे आहे आणि ते इथे मांडायचे आहे.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, मोटारीचे नाही. पण मिस्त्रीने जे उघडून दाखवले ते कोणाही शेतकऱ्याला कळेल. टर्बो म्हणजे फुकटची ताकद नव्हे. धुराच्या जोराने एक चक्र फिरते, ते इंजिनात जादा हवा कोंबते, जादा हवेत जादा डिझेल जळते. डिझेल जादा जळले की उष्णताही जादा. जळालेल्या डिझेलचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाकडे जातो. बाकीची उष्णता धुरातून आणि पाण्यातून बाहेर काढावी लागते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा मदत करतो. घाटात गाडी बैलगाडीच्या चालीने चढते तेव्हा वारा नसतो. सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरवर.

या रेडिएटरची अवस्था काय होती? हीच गाडी दिवाळीपासून जिनिंगला कापूस वाहत होती. त्याच्या पुढे इंटरकूलर असतो, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा. पुढून पाहिले तर दोन्ही स्वच्छ. पण दोघांच्या मधल्या फटीत कापसाचा फूस आणि फुफाटा बसून गोधडीसारखा थर झाला होता. पुढून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही, उलट आत दाबला जातो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारावी लागते. आतून नळ्या क्षाराने अरुंद झालेल्या, कारण कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी. ज्यांनी ठिबक वापरले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्या पाण्याने ड्रिपर बुजतात, त्याच पाण्याने रेडिएटर बुजतो. कोणा शहाण्याने थर्मोस्टॅटही काढून टाकला होता. पुष्कळ इंजिनांत तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने परत इंजिनातच फिरते. थंड राहण्यासाठी केलेला हा उपाय चढावर नेमका उलटा पडतो.

डिझेल वाचावे म्हणून वरच्या गिअरवर रेटणे हेही त्यातलेच. इंजिनाचे फेरे पडले की पंखा आणि पाण्याचा पंप मंदावतात, टर्बो भरत नाही, डिझेल अर्धवट जळते. काळा धूर दिसतो तो याचा. (नव्या गाड्यांत इंजिन तापले की यंत्रणा स्वतःच ताकद कमी करते. तिथे चालक कितीही दाबो, गाडी ऐकत नाही, आणि शिव्या त्यालाच बसतात.)

म्हणजे दोष गाडीत होतेच. पण ती दोनशे कट्टे घेऊन चढली असती, असे मिस्त्रीचेही मत पडले. हिशेब करून पाहा. वीसास एक असा चढ आणि ताशी 30 किलोमीटर वेग धरला, तर 16 टनाची भरलेली गाडी नुसती वर उचलायला सुमारे 88 अश्वशक्ती लागते. तीच 20 टनाची केली की सुमारे 110. टायरांचे आणि हवेचे घर्षण वेगळे. वरचे चार टन आपण टाकले होते.

आता मुद्द्याचे. आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात की वजनाची मर्यादा हाही एक सरकारी जाचच आहे. झोनबंदी गेली, कापूस एकाधिकार गेला, आता काट्यावरची अडवणूकही जावी. काट्यावर होणाऱ्या वसुलीविषयी जे बोलले जाते त्याच्याशी आम्ही सहमत आहोत. पण मर्यादेविषयी नाही. कापूस राज्याबाहेर नेऊ द्यायचा नाही, हा नियम शेतकऱ्याला लुटण्यासाठी होता. अ‍ॅक्सलवर किती टन पडावेत हा पोलाद, ब्रेक आणि पाण्याचा नियम आहे. तो कोणी कागदावर लिहिला नसता तरी इमामपूरच्या घाटात लागू झालाच असता. शिवाय 2018 साली केंद्राने ही मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला 10.2 टनांवरून 11.5 टन मिळाले. पण ती वाढ म्हणजे तीस वर्षांच्या रेडिएटरला मिळालेली ताकद नव्हे.

आणि बंदी कशी येते हे आपण कन्नडच्या घाटात पाहिले आहे. तिथल्या कोंडीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना तो घाट बंद झाला. रस्ता अरुंद आहे, दरडी कोसळतात, हे सगळे खरेच. पण चढावर बंद पडलेली एक भरलेली गाडी तासन्‌तास अख्खा घाट अडवते, हेही तितकेच खरे. खानदेशाकडे जाणाऱ्या मालाला लांबून वळसा पडला. त्या वळशाचे भाडे कोणाच्या भावातून वजा झाले असेल, ते कापूसवाल्यांनी सांगावे.

सुट्या कापसाच्या गाडीत वजनाचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे धोका फुसाचा आणि बाहेर काढलेल्या बोज्याचा. ज्वारी, कांदा, खत यांचा प्रश्न वजनाचा. तेव्हा गटाने गाडी ठरवताना कापसाचा हंगाम करून आलेली गाडी असेल तर आधी ती फट साफ करून घ्यावी, भरल्यावर काट्यावरून न्यावी, आणि चालक पुरे म्हणेल तिथे पुरे करावे. भाडे गाडीवर न ठरवता क्विंटलवर ठरवले, तर जादा कट्ट्याचा मोहच उरत नाही. हुंडेकरी याला कुरकुरतील. कुरकुरू द्या.

राहिला गॅस्केटचा खर्च. तो मुलगा आजही म्हणतो की निम्मा तरी गटाने द्यावा. गटातले बहुतेक म्हणतात, गाडी त्याची, दुरुस्ती त्याची. त्याने दोनशेच सांगितले होते आणि वर चढलेले ऐंशी कट्टे आपल्या आग्रहाचे होते. आमच्या मते निम्मा आपण द्यावा. आमच्या वाट्याचे पैसे आम्ही वाळूजच्या बैठकीत घेऊन येत आहोत. बाकीच्यांनी तिथे काय ते बोलावे.