थरथर त्यांची, करणी आपली

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसाला प्रयोगशाळेत हुकमी ताण द्यायचा कसा, याचे उत्तर त्या चाचणीत आहे. साप नको, विजेचा झटका नको. त्याला नोकरीच्या मुलाखतीला उभे करायचे. समोर मंडळ बसवायचे. मंडळातल्यांनी हसायचे नाही, मान डोलवायची नाही, धीराचा शब्द काढायचा नाही. या कामाला मीच कसा लायक, हे उमेदवाराने ५ मिनिटे सांगायचे आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यावर बहुतेकांच्या काळजाचे ठोके वाढतात, लाळेतले ताणाचे संप्रेरक चढते. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हीच चाचणी वापरतात, कारण ती क्वचितच फसते.

तिथे निदान प्रयोग संपल्यावर माणसाला सांगतात, की बाबा रे, हा सगळा बनाव होता, तुझ्या लायकीचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे मुलाखत संपली की सांगतात, ‘पोरगा हुशार आहे हो, पण आत्मविश्वास कमी पडला.’ भीती तयार करणारे टेबलाच्या एका बाजूला सुखात बसतात आणि दोष मात्र दुसऱ्या बाजूच्या घामेजल्या तळहातांना लागतो. ही लबाडी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की तिला लबाडी म्हणायलाही कोणी धजत नाही.

मुलाखतीपूर्वी मन शांत कसे ठेवावे, याची शिकवण मात्र उदंड झाली. त्यातली काही खरी आहे, ती नाकारायचे कारण नाही. श्वास घ्यायला लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडायला दिला, की नाडी उतरते. हे साधे शरीरशास्त्र. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की भाषण, गाणे किंवा गणित यांच्या आधी ‘मी शांत आहे’ असे मनाला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरते. मुलांनी हे अवश्य करावे. घरून निघताना आईने हातावर दहीसाखर ठेवली तर तीही खावी, त्याने कुणाचे वाईट होत नाही. पण बोटात पुष्कराज घालायला लावणारा ज्योतिषी, अंगारा देणारा बुवा आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत अभिरूप मुलाखतींचा बाजार मांडणारा क्लासवाला, या तिघांचा धंदा एकाच भांडवलावर चालतो. मुलाखतीची आगाऊ तालीम वाईट नव्हे. वाईट आहे ती एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो चार क्लासांच्या फ्लेक्सवर झळकवण्याची रीत. पोराने वर्षानुवर्षे घासलेली लेखी परीक्षा स्वतःची. क्लासात तो अर्धा तास अभिरूप मुलाखतीला येऊन गेला, की यश क्लासाचे! देशातल्या काही नामांकित क्लासांना याच लपवाछपवीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दंड ठोठावले, तरी फ्लेक्स उतरले नाहीत.

आता टेबलाच्या पलीकडे पाहू. तालुक्याच्या ठिकाणी, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या मुलाखती मी पाहिल्या आहेत. नोटिशीत वेळ सकाळी दहाची. संस्थेचे साहेब उगवले दीड वाजता. तोवर व्हरांड्यात एमएस्सी, नेट, सेट, कुणी पीएचडी झालेले, छातीशी फायली धरून उभे. बसायला एक बाक, तोही मोडका. एक मुलगी पुन्हा पुन्हा फाइल उघडून झेरॉक्स मोजत होती; तिचे तान्हे मूल बाहेर लिंबाखाली तिच्या आईच्या मांडीवर रडत होते आणि प्रत्येक रडण्यासरशी तिची मोजणी चुकत होती. आत गेल्यावर तिला विषयातले काय विचारले ठाऊक आहे? काही नाही. ‘मूल लहान दिसतंय, जमेल का तुम्हाला? मिस्टर काय करतात?’ बस्स. तिच्यामागून गेलेल्या तरुणाला आधी आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना, म्हणून मूळ गाव. गावावरूनही होईना, म्हणून ‘तिथं कुठल्या बाजूला घर?’ शेवटी जे हवे होते ते मिळाले आणि मंडळातल्या एकाने समोसा उचलला.

मध्यंतरी शिपायाने चहाचा ट्रे नेता नेता दबक्या आवाजात सांगून टाकले, ‘जागा भरलीये, नुसत्या मुलाखती उरल्यात.’ हे वाक्य महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात कानावर पडते. कायम जागा असेल तर त्याला जोडून आकडाही कानावर येतो, आणि तो ‘डोनेशन’ या सोज्वळ नावाने येतो. शिक्षणमहर्षी म्हणून ज्यांचे पुतळे उभारायचे, त्यांच्यापैकी कितीकांच्या कचेरीत विद्यादानाची ही बोली लागते, ते त्यांच्याच कारकुनांना विचारावे. ज्या महाराष्ट्रात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच महाराष्ट्रात त्यांच्या तसबिरीखाली बसून माणसे उमेदवाराची जात हुंगतात. तिथे श्वासाचे व्यायाम काय कामाचे? घर नेमके कुठल्या बाजूला, हे विचारल्यावर ज्याच्या पोटात खड्डा पडतो, त्याची भीती हा आजार नव्हे. तो पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो बरोबर आहे.

हे सारे कायद्याला माहीत नाही असे समजू नका. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाबद्दलच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच बजावले, की तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे हा मनमानीपणा आहे. तिथे मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या, आणि प्रश्न आईबापांचे नि घरादाराचे! पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कारण सांगितले ते वशिल्याचे आणि लाचखोरीचे. म्हणजे रोग कुठे आहे, हे राज्यकर्त्यांनी लेखी कबूल केले आहे. तरी शांत राहण्याची गोळी आपण उमेदवारालाच देतो!

आणि वाट पाहायला लावण्याचे पाप निराळेच. २०२१ साली पुण्याजवळ एका तरुणाने जीव दिला. राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्व आणि मुख्य परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. मुलाखतीची तारीख काही येत नव्हती. करोना होता हे खरे. पण मुलाखती घेणाऱ्या आयोगावरच्या सदस्यांच्या जागासुद्धा तेव्हा रिकाम्या होत्या. उमेदवाराला एक मिनिट उशीर झाला तर दार बंद होते. शासनाला वर्षावर उशीर झाला, तर तिथे कुणाचे काय जाते?

शासनाला आणि संस्थाचालकांना झोडपून आपण मोकळे होऊ नये. अर्धी भीती तर घरातच पेरलेली असते. ‘लागली का कुठे?’ हा प्रश्न लग्नात, दहाव्याला, एसटीत, न्हाव्याच्या दुकानात उमेदवाराचा पाठलाग करतो. पोरगा सकाळी गोठा उपसतो, दुपारी पाणी धरतो, म्हातारीला दवाखान्यात नेतो. पण ‘काय करतो?’ म्हटले की घरचे उत्तर देतात, ‘काही नाही, घरीच असतो.’ शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, हे शेतकऱ्यानेच ठरवून टाकले. मुलीच्या बाबतीत तर मुलाखतीची तारीख आणि पाहुणे बघायला येण्याची तारीख यांची शर्यत लावलेली असते: यंदा जमले तर ठीक, नाहीतर उरकून टाकू. एवढे सगळे ओझे त्या वीस मिनिटांवर टाकून मग वर उपदेश करायचा, ‘घाबरू नकोस, नॉर्मल राहा.’ कसा राहील? त्याने तिथे नोकरी मागायची नसते, माणूस म्हणून गणले जाण्याची परवानगी मागायची असते.

म्हणून सांगणे उमेदवारांना नाही. त्यांनी श्वास सोडावा, पाणी प्यावे, आत जावे. सांगणे आहे ते मंडळावर बसणाऱ्या प्राचार्यांना, विषयतज्ज्ञांना, व्यवस्थापकांना. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून त्याच मापाने गुण दिले, तर माणसाची पारख गप्पांच्या मुलाखतीपेक्षा चांगली होते, हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवले आहे. तेव्हा प्रश्न आधी लिहून काढा. गुण तिथल्या तिथे मांडा. दहाची वेळ दिली तर दहाला या, व्हरांड्यात खुर्च्या ठेवा. नवरा, मूल, आडनाव, गाव हे विषय तोंडातून काढू नका. शेजारचा सदस्य काढू लागला, तर त्याला तिथेच अडवा. निवड झाली नाही त्यालाही पत्र पाठवा. आणि नाव आधीच ठरले असेल, तर सही न करता उठून या. तेवढी छाती नसेल, तर निदान बाकीच्यांना पदरचे एसटीचे भाडे खर्चून बोलावू नका.