वाड्याला तडा कुठून जातो?



आजचे पुस्तक आपल्याच जिल्ह्याच्या लेखकाचे आहे. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा गावी झाला. त्यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. प्रयोग पाहायला मिळाला नाही तरी पुस्तक घरी वाचता येते. रात्री जेवणे आटोपली की एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.

गोष्ट आहे विदर्भातल्या धरणगावच्या देशपांडे घराण्याची. वैभव ओसरले, ऐट मात्र तशीच राहिली. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला. घरधनी तात्याजी वारतात, मुंबईहून सुधीर बायकोसह येतो आणि तेरवीच्या खर्चावरून भावाभावांत ठिणगी पडते. थोरल्या भास्करला घराण्याचे नाव राखायचे आहे, पण गाठी पैसा नाही. गावच्याला वाटते, शहरातला सुखात आहे. शहरातल्याला वाटते, गावचा इस्टेटीवर बसला आहे. आपल्याकडेही हे बोलणे नवे नाही.

पण वाचताना दोन माणसांकडे विशेष लक्ष द्या. एक धाकटा भाऊ चंदू. तो घरात गड्यासारखा राबतो. पायाला जखम झाली तरी त्याची राबणूक सुटत नाही. दुसरी बहीण प्रभा. तिला शिकायचे होते, पण घराण्याच्या अब्रूपायी तिचे शिक्षण अडले. थोरले भांडतात ते पैशावरून आणि दागिन्यांवरून. या दोघांना मात्र कुणी विचारतच नाही, 'तुझे काय?' वाड्याला खरा तडा तिथे गेलेला असतो. पुढे पुतणी रंजू दागिने घेऊन मास्तरबरोबर पळून जाते, तेव्हा ज्या सोन्यासाठी मने तुटली ते सोनेही हातचे जाते.

प्रभाच्या काळचा कायदा आता राहिलेला नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी हा हक्क बुडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायदा बदलला, पण विचारण्याची रीत बदलली का? बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायचे आणि 'इथे सही कर' म्हणायचे, याला विचारणे म्हणत नाहीत.

म्हणून सांगणे एवढेच. वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर सर्व भावंडांना एकत्र बसवा. सातबारा, कर्ज, दागिने, सगळे उघड मांडा. आणि सगळ्यांत आधी त्याला बोलू द्या जो वावरात राबतो, पण बैठकीत गप्प असतो; आणि तिला, जिला माहेर तुटेल म्हणून तोंड उघडवत नाही.

धुऱ्याची खूण हलली तर मोजणी मागवता येते. मनातला धुरा हलला, तर तो मोजणार कोण?