पहिलीच तबकडी, नाव ‘गाजलेली गाणी’

‘‘आधी वाजवायला शिका म्हणावं, मग तबकड्या काढा!’’ शेजारचे काका परवा कडाडले. काका गेली चाळीस वर्षं पेटी शिकताहेत आणि अजून एकदाही चारचौघांत वाजवलेले नाहीत, तेव्हा त्यांना हा अधिकार आहे. निमित्त झालं माझ्या भाच्याने लावलेल्या एका स्पॅनिश गाण्याचं. मंडळाचं नाव ‘आलास्का ई लोस पेगामोइदेस’. तेवढं त्यांनी सोसलं. पण १९८२ साली निघालेल्या या पोरांच्या पहिल्यावहिल्या लाँगप्लेचं नाव ‘ग्रांदेस एक्सितोस’, म्हणजे चक्क ‘गाजलेली गाणी’, हे कळल्यावर त्यांचा तोल सुटला. गाजायच्या आधीच गाजलेली? काय हा उद्धटपणा!

शेजारधर्म बाजूला ठेवून सांगतो, मला हा उद्धटपणा आवडला. आमच्याकडे पहिला कवितासंग्रह काढणारा प्रस्तावनेत ‘मोडकंतोडकं गोड मानून घ्यावं’ म्हणतो आणि मनातून पुरस्कार समितीच्या पत्राची वाट बघतो. माद्रिदच्या या मंडळींनी मधलं ढोंग तेवढं गाळलं.

आता काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ही काही तयारीची मंडळी नव्हेत. आलास्काचा जन्म १९६३ चा, म्हणजे तबकडी निघाली तेव्हा विशीसुद्धा गाठलेली नाही. त्याआधी शाळकरी वयात ती ‘काका दे लुक्स’ नावाच्या मंडळात गिटार घेऊन उभी राहायची. (‘काका’चा स्पॅनिश अर्थ मी त्या वेळी सांगितला नाही. घरी माणूस चहाला आलेला.) गाण्यांचे विषय म्हणाल, तर १९८० साली गाजावाजा झालेलं एक गाणं अवाढव्य दुकानात हरवलेल्या मुलीच्या भयकथेचं! विरह नाही, वैराग्य नाही.

पण काका, रियाज करून तयार झालेल्यांचं तिथे काय झालं ते तरी बघा. जोआन मानुएल सेरात हा चांगला नावाजलेला गायक. १९६८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत आपण आपल्या कातालान भाषेत गाणार, असं तो म्हणाला आणि त्याची रवानगी घरी झाली. त्याच्या जागी मासिएल नावाची गायिका गेली आणि जिंकून आली. गाण्याचं नाव ‘ला ला ला’. फ्रँकोच्या राजवटीत तबकडीवर घ्यायच्या गाण्याचे शब्द आधी सरकारी खात्याला दाखवावे लागत. चित्रंसुद्धा सुटत नसत. १९७१ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या तबकडीच्या वेष्टनावर विजारीची चेन होती. तिने स्पेनची नीती बिघडेल म्हणून तिथल्या आवृत्तीवर दुसरं चित्र आलं: काकवीच्या डब्यातून वर आलेली माणसाची बोटं! चेनने बिघडणाऱ्या मुलांना बोटांनी झोप लागत असेल, असा खात्याचा हिशेब असावा.

फ्रँको गेला १९७५ च्या नोव्हेंबरात. पुढच्या सातेक वर्षांत मोठ्या झालेल्या पोरांना तुम्ही सांगणार, थांबा, आधी योग्य व्हा. योग्य-अयोग्य ठरवणाऱ्यांच्या खोलीबाहेर सबंध देश छत्तीस वर्षं थांबलेला होता हो! बेसूर असलं तरी न विचारता गायचं, हीच त्या वेळची तयारी. आणि त्यातलं ‘बायलांदो’ हे गाणं नुसतं नाचण्याविषयी आहे म्हणून नाक मुरडता? ते त्याच वर्षी तुफान चाललं.

मंडळ मात्र त्याच वर्षी फुटलं. त्यांची पूर्ण लाँगप्ले ही एवढीच. म्हणजे काका, जी काही गाजायची ती याच तबकडीत असणार. नाव हिशेबाने बरोबरच निघालं की नाही?

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

‘‘ते मघाशी काका दे काय म्हणालास, त्याचा अर्थ काय?’’

मी म्हटलं, ‘‘अजून अर्धा कप घ्या.’’